हवाईची फुलं, लेई आणि ऑर्किड : पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

होनोलुलूत आमच्याकडे पुण्या-सांगलीहून कुणी आलं की विमानतळावरून घरी पोचेपर्यंत पहिले चार प्रश्न ठरलेले असतात, आणि ते चारही फुलांबद्दलचे असतात. उरलेले प्रश्न परत गेल्यावर फोटो बघताना सुचतात आणि रात्री-अपरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी काही वनस्पतिशास्त्रातली नाही. फुलं ओवायला आवडतात आणि शेजारच्या आंटीने बरंच शिकवलं, एवढंच भांडवल. (इथे आईच्या वयाच्या प्रत्येक बाईला आंटीच म्हणतात, नातं लागत नसलं तरी.)

स्वागताला गळ्यात घालतात तो जांभळ्या ऑर्किडचा हार. ते हवाईचंच फूल ना?

नाही. ती फुलं बहुतेक वेळा डेन्ड्रोबियम जातीच्या ऑर्किडची असतात आणि आता बरीचशी थायलंडहून खोक्यात भरून येतात. टिकाऊ, स्वस्त, वासाचा त्रास नाही, शीतपेटीत चार दिवस राहिली तरी मान टाकत नाहीत. घाऊक स्वागतासाठी याहून सोयीचं फूल नाही. पण हार गळ्यात पडल्या पडल्या तुम्ही नाक खुपसून वास घेता आणि वास येत नाही, तेव्हा जो हिरमोड होतो तो मी दर वेळी गाडीच्या आरशात बघते.

मग हवाईचं स्वतःचं ऑर्किड कोणतं?

फक्त तीन जाती आहेत, आणि तिन्हींपैकी एकही हारात घालण्याजोगी नाही. हवाई बेटं कॅलिफोर्नियापासून सुमारे ३,८०० किलोमीटर समुद्रात आहेत. वाऱ्यावर, पक्ष्यांच्या पिसांत, लाटांवर जे काही कोट्यवधी वर्षांत येऊन पोचलं तेच इथलं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, म्हणजे वाऱ्यावर येणं सोपं. पण रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते आणि पुढे फळ धरायला नेमका कीटक. असा सगळा योग जुळून आलेल्या जाती तीनच.

त्यातली एक तर इतकी दुर्मीळ आहे की संकटग्रस्त यादीत आहे. ओल्या डोंगरी रानात वाढते, उंच दांड्यावर हिरवट-पिवळी बारीक फुलं येतात. शेजारून चालत गेलात तर गवताचा तुरा समजून पुढे जाल. आपल्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक जातींच्या आमरी, म्हणजे ऑर्किडच, आहेत. आंब्याच्या-जांभळाच्या खोडावर जूनमध्ये सीतेची वेणी लोंबताना बघत जो मोठा झाला, त्याला ‘ऑर्किडांचं बेट’ म्हणून मिरवणाऱ्या ठिकाणी मूळच्या फक्त तीन, हे खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला, लाव्ह्याच्या काळ्या खडकांतून बांबूसारख्या कांड्यांवर जांभळट ऑर्किड दिसतं, त्याला मात्र फसू नका. ते बांबू ऑर्किड. मूळ आशियातलं, बागेतून सुटलं आणि रानात स्थिरावलं.

मग ‘ऑर्किडांचं बेट’ हे नाव कशामुळे पडलं?

हे नाव सगळ्या हवाईचं नाही. द्वीपसमूहातलं सगळ्यात मोठं बेट, त्याचं नावही हवाईच, त्याला हे टोपणनाव आहे. आणि त्यातही खरी ऑर्किडांची पेठ म्हणजे पूर्वेचं हिलो गाव. तिथे कोकणासारखा पाऊस पडतो, फक्त तो चार महिन्यांत न उरकता वर्षभर पुरवून पुरवून पडतो. हवा दमट, थंडी नावापुरती, आणि कुंडीत भरायला ज्वालामुखीची सच्छिद्र खडी हवी तेवढी. ऑर्किडच्या मुळांना माती नकोच असते, हवा आणि ओल हवी असते. हिलोने ते दोन्ही फुकट दिलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे धुमाकूळ घातला तो ‘व्हँडा मिस जोकिम’ या संकराने. सिंगापूरच्या अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतलं हे १८९३ सालचं फूल. १९८१ पासून ते सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे. हवाईत त्याची शेतंच्या शेतं उभी राहिली, लेईसाठी (म्हणजे इथल्या हारांसाठी) आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठवण्यासाठी. विमानवाहतूक वाढली तसा धंदाही वाढला. पुढे डेन्ड्रोबियमने त्याची जागा घेतली. हवाई विद्यापीठातल्या हारुयुकी कामेमोतो यांनी डेन्ड्रोबियमचे असे संकर तयार केले की फुलं भरपूर येतील आणि बियांपासून एकसारखी रोपं मिळतील. हिलोच्या रोपवाटिका चालवणाऱ्यांत जपानी वंशाची कुटुंबं बरीच आहेत. त्यांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांत मजुरीला आले होते.

हिलोला गेलात तर एखाद्या लहान रोपवाटिकेत जरूर डोकवा. मोठ्या बसेस थांबतात तिथे नको. वर टांगलेल्या लाकडी चौकटीतून व्हँडाची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबत असतात, खांद्याला लागतात. पाणी मारलं की राखाडी मुळं बघता बघता हिरवी होतात. दाखवणाऱ्या आजोबांनी नळी माझ्या हातात दिली होती. दहा मिनिटं मी तेवढंच करत होते.

लेई म्हणजे आपला हारच ना?

दिसायला हो. वागायला नाही.

आधी ओवण्याचं बघू. आपल्याकडे ओवणं, गुंफणं, बांधणं हे वेगळे शब्द आहेत तसे हवाईयन भाषेतही आहेत. सुईने ओवायचं ते कुई. एकाच वेलीची किंवा पानांची वेणी घालायची ती हिली. वेणी घालता घालता त्यात दुसरी फुलं-पानं खोवत जायचं ते हाकू. एखाद्या आधाराभोवती दोऱ्याने गुंडाळत जायचं ते विली. कापडासारख्या पाठीवर फुलं शिवायची ते हुमुपापा. हल्ली डोक्यावरच्या फुलांच्या कड्याला सगळे सर्रास ‘हाकू’ म्हणतात. आंटीला ते आवडत नाही. डोक्यावरची ती लेई पोओ, हाकू ही करण्याची रीत, असं ती प्रत्येक लग्नात निदान एकाला तरी ऐकवते.

सुई हातभर लांब असते, टोकाला बारीक हूक. दोरा म्हणून अनेक जणी दात साफ करायचा मेणाचा दोरा वापरतात. तुटत नाही, फुलावर सरकतो आणि किराणा दुकानात मिळतो. मी गणपतीच्या हारांनाही आता तोच वापरते.

आणि लेई फुलांचीच असते असंही नाही. पिसांची, शिंपल्यांची, बियांची, देवमाशाच्या दाताची. पिसांची लेई राजघराण्याची. नीइहाऊ बेटावरच्या तांदळाएवढ्या शिंपल्यांची लेई सोन्याच्या भावाने विकली जाते. शाळा-कॉलेजचा पदवीदान समारंभ असला की मुलांच्या गळ्यात इतक्या लेई पडतात की कान झाकले जातात. त्यात गोळ्या-चॉकलेटांच्या आणि नोटांच्या घड्या घालून केलेल्याही असतात.

आता वागण्याचं. आपल्याकडे सत्कार झाला की सत्कारमूर्ती नम्रतेने हात जोडतात आणि लगेच हार काढून टेबलावर ठेवतात. गळ्यात तसाच ठेवला तर ‘मिरवतोय’ म्हणतील. माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा शेजारच्या आंटीने स्वतः ओवलेली लेई त्यांच्या गळ्यात घातली. बाबांनी नमस्कार केला, लेई काढली आणि अलगद गाडीच्या बॉनेटवर ठेवली. आंटीचा चेहरा असा पडला की काही बोलायची सोय नव्हती. इथे देणाऱ्यासमोर लेई काढणं म्हणजे ती परत करणं. मी दोघांना दोन भाषांत समजावलं. बाबांनी लेई पुन्हा घातली आणि रात्री जेवतानासुद्धा काढली नाही. आमटी सांडेल म्हणून आई ओरडत होती.

लेई देण्या-घेण्याचे आणखी काही नियम?

नाकारू नये. अगदीच वास सहन होत नसेल तर गळ्यात घालून घ्यावी, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या गळ्यात मायेने घालावी. मानेवर हारासारखी पुढेच लोंबकळत ठेवू नये. खांद्यांवर टेकवून निम्मी पुढे, निम्मी पाठीवर. स्वतःसाठी आणलेली लेई दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्यासाठी आणलेली आधी स्वतः घालून बघू नये. देवाचं फूल हुंगू नये म्हणतात, त्याच चालीवर घ्या.

गरोदर बाईला बंद लेई देत नाहीत. गळ्याभोवतीचं पूर्ण वर्तुळ म्हणजे बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा, असं मानतात. हे मला कळलं ते मैत्रिणीच्या डोहाळजेवणात. आपल्याकडे तर फुलांच्या दागिन्यांनीच नटवतात! वाडी भरली होती, गळ्यात मोगऱ्याचा भरगच्च हार. आंटी ओटीला आली, कौतुकाने सगळं बघितलं आणि काही न बोलता हाराची मागची गाठ सोडून दोन टोकं मोकळी सोडली. कुणालाच वावगं वाटलं नाही. आमच्या ओळखीत आता सगळी डोहाळजेवणं मोकळ्या टोकांच्या हारांनीच होतात.

इथे मोगऱ्याला ‘पीकाके’ का म्हणतात?

मोरामुळे. इंग्रजीतल्या पीकॉकचा हवाईयन उच्चार पीकाके.

राजकन्या काइउलानी ही हवाईच्या गादीची शेवटची वारस. वडील स्कॉटिश, आई राजघराण्यातली. वाइकीकीला आइनाहाऊ नावाच्या त्यांच्या वाडीत मोर हिंडत आणि मोगरा फुललेला असे. तिला दोन्हींचा लळा. लोकांनी मोराचं नाव फुलालाही दिलं. १८९९ मध्ये ती गेली तेव्हा फक्त तेवीस वर्षांची होती. त्याआधीच राज्य गेलं होतं. आइनाहाऊच्या जागी आज हॉटेलं आहेत.

पीकाकेची लेई ही नवरीची लेई. एकाच सराची नाही, तीन, पाच, कधी त्याहून जास्त सर एकत्र. आपल्या गजऱ्यात दोऱ्याच्या गाठीने कळे आळीपाळीने उलटसुलट बांधतात, त्यामुळे गजरा पसरट होतो. इथे सुई कळ्याच्या देठातून आत घालून टोकातून बाहेर काढतात, म्हणून सर मोत्यांसारखा पडतो. पहाटे मिटलेले कळे खुडायचे, ओवायचे, शीतपेटीत ठेवायचे. संध्याकाळी लग्न लागता लागता ते उमलतात आणि मग अख्खा मांडव आपल्या आजोळच्या अंगणासारखा वास घेऊन उभा राहतो. परक्या लग्नात डोळ्यांत पाणी येणारी मी एकटीच असते.

रुईची फुलं गळ्यात घालतात हे खरं का?

अगदी खरं, आणि मोठ्या मानाने. इथे तिला पुआ कालाउनू म्हणतात, म्हणजे मुकुटाचं फूल. फुलाच्या मधोमध जो पाच कोनांचा गड्डा असतो तो यांना मुकुटासारखा दिसला. शेवटची राणी लिलिउओकालानी हिचं हे आवडतं फूल.

आमच्या आंटीच्या परसात रुईची मोठी दोन झाडं आहेत. एका शनिवारी मी पानं मागायला गेले. मारुतीच्या फोटोला रुईच्या पानांची माळ घालायची होती. ती पायरीवर बसून फुलं ओवत होती, पाकळ्या खुडून टाकून नुसते मुकुट, जांभळा-पांढरा-जांभळा-पांढरा. मी फुलांना हातही न लावता पानं मागितली हे तिला विचित्र वाटलं. त्या फुलं घेतात आणि पानांकडे बघत नाहीत, आम्ही पानं घेतो आणि फुलं झाडावर सोडतो. मग दोघी एकाच पायरीवर बसलो. अखंड पानं शोधणं कठीण गेलं, कारण मोनार्क फुलपाखराच्या पट्टेरी अळ्यांनी निम्मी पानं कुरतडली होती. रुई हे त्यांचं इथलं हक्काचं अन्न. अकरा पानांची माळ व्हायला तासभर गेला.

चिकाची काळजी मात्र घ्या. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. आंटी ओवून झाल्यावर आधी हात धुते, मग चष्मा काढते.

राणीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दल आणखी थोडं?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, मीच घुसडतेय. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांच्या गटाने, बंदरात अमेरिकी नौसैनिक उतरलेले असताना, राणीला पदच्युत केलं. पुढच्या वर्षी तिच्या माणसांनी उलुहाइमालामा नावाची एक बाग लावली. सभा घ्यायची सोय नव्हती, झाडं लावायला कोण अडवणार? प्रत्येक रोपट्याला अर्थ होता आणि तो लावणाऱ्यांना कळत होता. १८९५ मध्ये बंडाचा प्रयत्न फसला आणि राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं. वर्तमानपत्रं बंद. पण फुलं चालत होती. बागेतली फुलं रोज यायची, आणि ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली असायची. कागद उलगडून ती बातम्या वाचायची. दादर-मंडईतून पेपरात बांधलेली फुलं आणताना मला आता हटकून हे आठवतं.

आपल्या पांढऱ्या चाफ्याला सगळे ‘हवाईचं फूल’ का म्हणतात?

जाहिरातींमुळे. चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. आपल्याकडेही तो बाहेरूनच आला, पण देवळाच्या पायरीशी इतकी वर्षं उभा आहे की आपण त्याला घरचाच समजतो. हवाईत तो १८६० मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म हिलेब्रँड यांनी आणला. याच हिलेब्रँडनी १८६५ मध्ये पिकांवरच्या अळ्या खाण्यासाठी भारतातून साळुंक्या आणवल्या. त्यामुळे होनोलुलूत चाफ्याखाली साळुंक्या भांडताना दिसतात आणि आलेला प्रत्येक पाहुणा ‘अगदी घरच्यासारखं वाटतं’ म्हणतो. त्यांची बाग आज फॉस्टर वनस्पती उद्यान म्हणून आहे. तिथे श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षापासून वाढवलेला पिंपळही आहे.

चाफा आधी इथल्या दफनभूमीत लावला गेला, म्हणून जुन्या लोकांना तो गळ्यात घालायला नको वाटे. आता मात्र घरोघरच्या पोरी शाळेच्या कार्यक्रमासाठी पन्नासेक फुलं वेचून अर्ध्या तासात लेई करतात. ओवायला सगळ्यात सोपं फूल. सुरुवात याने करा.

सोनटक्का दिसला! तो इथे कसा?

एकोणिसाव्या शतकात आला आणि ओल्या दऱ्यांत पसरला. मिटल्या कळ्यांची लेई करतात, वासाने डोकं जड होतं. त्याचा हिमालयातला चुलतभाऊ, पिवळ्या तुऱ्याचा काहिली जिंजर, हा मात्र रानाचा वैरी ठरलाय. त्याच्या जाड कंदांचं जाळं जमीन व्यापतं आणि खाली इथलं एकही रोप उगवू देत नाही. ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात तो उपटायला स्वयंसेवक जातात. मीही दोनदा गेले. एक कंद खणायला वीस मिनिटं लागतात, आणि जरासा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. फोटोत तो फार सुंदर येतो, हे खरं दुखणं.

मोगरा आपला, रुई आपली, चाफा मेक्सिकोचा, ऑर्किड थायलंडचं. मग यांचं स्वतःचं काय?

ओवणं यांचं, देणं यांचं. आणि हो, फुलंही आहेत, फक्त ती मिरवत नाहीत.

इलिमा घ्या. आपल्याकडे पडीक जागेत चिकणा म्हणजे बला उगवते ना, तिचीच ही बहीण. रुपयाएवढं केशरी-पिवळं फूल, पाकळी टिशू कागदाहून पातळ, आयुष्य एक दिवस. एका सराला पाचशेच्या वर फुलं लागतात, म्हणून ही मानाची लेई. झाड पाहिलंत तर तण म्हणून उपटाल.

दुसरी माइले. ही फुलांची लेईच नाही, सुवासिक वेलीच्या सालीची आणि पानांची. टोकं नेहमी मोकळी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. नवरदेवाच्या गळ्यात असते. नव्या दुकानाचं उद्घाटन असलं की दारात फीत नाही, माइले बांधतात, आणि ती कापत नाहीत, सोडतात. डोंगरातली पुरत नाही म्हणून आता बरीच माइले कुक बेटांवरून येते, हे जाता जाता.

तिसरी हाला. आपल्या केवड्याचं जवळचं भावंड. पिकलेल्या फळाचे नारिंगी गरे ओवून लेई होते, पण हाला या शब्दाचा अर्थ चूक, दोष असाही आहे आणि निघून जाणं, सरणं असाही. म्हणून कुणी निवडणुकीला उभं असेल, नवं काम काढत असेल तर त्याला ही देत नाहीत. सरत्या वर्षाला निरोप देताना मात्र शोभते. केतकी महादेवाला वाहत नाहीत हे मी आंटीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडेही हिने काहीतरी करून ठेवलंय.’

दर १ मे रोजी लेई दिवस असतो. डॉन ब्लँडिंग या कवीने १९२७ मध्ये कल्पना मांडली आणि १९२८ मध्ये पहिला लेई दिवस झाला. त्या दिवशी प्रत्येक बेटाची आपापली लेई : हवाईची लाल लेहुआ, माउईचा गुलाबी लोकेलानी गुलाब, ओआहूची इलिमा, मोलोकाईची कुकुई, काउआईची मोकिहाना नावाची बडीशेपेच्या वासाची फळं, नीइहाऊचे शिंपले, काहोओलावेची रुपेरी हिनाहिना. लानाई बेटाची गंमत सांगायलाच हवी. त्यांची काउनाओआ म्हणजे चक्क अमरवेल! आपले शेतकरी जी दिसताच उपटून जाळतात, तिच्याच नारिंगी धाग्यांची वेणी लेई दिवसाच्या सोहळ्यात लानाईची ‘राजकन्या’ म्हणून निवडलेली मुलगी घालते.

लेहुआ तोडलं की पाऊस पडतो म्हणतात, ते काय?

ओहिआ नावाच्या देखण्या तरुणावर ज्वालामुखीची देवी पेले भाळली. तो लेहुआवर प्रेम करत होता, त्याने नकार दिला. पेलेने रागाने त्याला वेडंवाकडं झाड केलं. इतर देवांना लेहुआची दया आली, त्यांनी तिला त्याच झाडाचं लाल फूल केलं. फूल तोडलं की ताटातूट होते आणि पाऊस म्हणजे त्यांची आसवं. म्हणून डोंगर चढताना फूल तोडायचं नाही, उतरताना चालेल असं सांगणारेही आहेत.

थंड झालेल्या लाव्ह्यावर सगळ्यात आधी उभं राहणाऱ्या झाडांत ओहिआ असतो. काळ्याठिक्कर दगडाच्या भेगेतून वीतभर रोपटं आणि त्याला तांबडा गोंडा, हे बघितल्यावर पेलेची गोष्ट नुसती गोष्ट वाटत नाही. हुला नाचणारे रानात पानं-फुलं घ्यायला जातात तेव्हा आधी मंत्र म्हणून परवानगी मागतात आणि लागेल तेवढंच घेतात.

हल्ली तेही कमी झालंय. हवाई बेटावर ओहिआ एकाएकी वाळू लागले, २०१४ मध्ये कारण सापडलं : एक बुरशी, खोडाच्या जखमेतून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते. दहा लाखांहून जास्त झाडं गेली. हिलोला दर वर्षी ईस्टरनंतर मेरी मोनार्क हा हुलाचा मोठा उत्सव होतो, तिथे नर्तकींच्या डोक्यावर लेहुआ असायचीच. पण झाडांना जखम नको म्हणून अनेक हुला पथकांनी ती घालणं सोडलं. रानाच्या वाटेवर बुटांचे तळ घासायला ब्रश आणि फवारायला अल्कोहोल ठेवलेलं असतं. कंटाळा न करता बूट घासा. आमच्याकडच्या पाहुण्यांना मी गाडीतून उतरायच्या आधी हे दोनदा सांगते.

छापील शर्टांवरचं लाल जास्वंद हे इथलं राज्यफूल का?

राज्यफूल जास्वंदच, पण पिवळं. माओ हाऊ हेले, १९८८ पासून. हे खास इथलंच आणि रानात संकटग्रस्त आहे. आधी १९२३ च्या ठरावात नुसतं जास्वंद म्हटलं होतं, रंग सांगितला नव्हता. शर्टावरचं लाल ते आपल्या गणपतीचंच, आशियातून आलेलं. इथल्या मूळच्या पांढऱ्या जास्वंदांना वास असतो! जास्वंदीला वास, हे मी हुंगून बघेपर्यंत मानलं नव्हतं.

फूल कोणत्या कानामागे खोवायचं?

डाव्या कानामागे म्हणजे जोडीदार आहे, उजव्या म्हणजे नाही. पर्यटक जास्त पाळतात.

अँथुरियम, हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅरडाइज?

सगळे पाहुणे. अँथुरियम मूळ कोलंबियाकडचं, १८८९ मध्ये लंडनहून इथे आलं आणि हिलोच्या सावलीत फोफावलं. हेलिकोनिया उष्णकटिबंधी अमेरिकेतलं, बर्ड ऑफ पॅरडाइज दक्षिण आफ्रिकेतलं. हॉटेलच्या फुलदाणीसाठी उत्तम. गळ्यात घालता येत नाहीत, म्हणून माझा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही.

सुकलेल्या लेईचं काय करायचं?

कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ज्याने दिली त्याचं प्रेम टाकल्यासारखं होतं. निर्माल्याचंच तत्त्व : जिथून आलं तिथे परत. दोरा सोडवून फुलं झाडाच्या बुंध्याशी पसरा, किंवा समुद्रावर, डोंगरात, जिथे सोडायची तिथे सोडा. दोरा आणि रिबन मात्र घरी आणा, समुद्रात ती कासवांच्या-पक्ष्यांच्या गळ्यात अडकते. काही जण आठवण म्हणून दाराच्या खुंटीला तशीच सुकू देतात. आमच्या दाराला बाबांना घातलेली ती पहिली लेई अजून आहे. रंग चहाचा झालाय, हात लावला तर चुरा होईल, म्हणून कुणी लावत नाही.

येताना ऑर्किडचं रोप आणि एक लेई भारतात आणता येईल का?

रोपाचा नाद सोडा. आयात परवाना, वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र, तिकडची तपासणी, एवढं सगळं एका कुंडीसाठी झेपणार नाही, आणि लपवून तर मुळीच आणू नका. वर काहिली जिंजरबद्दल वाचलंत ना? इथून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघतानाही विमानतळावर शेतीखात्याचे लोक सामान तपासतात. लेई निघायच्या दिवशी आमच्या चाफ्याखाली सोडवून ठेवा, ते मी बघते. आणि फारच वाटलं तर मुंबईत उतरल्यावर दादरच्या फूलबाजारात जा. जांभळं डेन्ड्रोबियम तिथे जुडीने मिळतं, बऱ्याचदा तेही थायलंडहूनच आलेलं. दात साफ करायचा दोरा मात्र इथून न्या, मेणाचा.